पट्ट्यावरची कोरी जागा

प्रिय नणंदबाई,

दचकू नकोस. दवाखान्याच्या पेटीत माझ्या अक्षरातलं पाकीट म्हणजे काहीतरी वाईट बातमी, असं तुझ्या डोक्यात आलंच असेल. बातमी वाईट नाही. उलट इतकी चांगली आहे की कालपासून माझे पाय जमिनीवर नाहीत. दोन पेशंटच्या मधे घाईघाईत वाचू नकोस, जेवणाच्या सुट्टीत सावकाश वाच. तर ऐक, आपल्या साबणाला दुकानात जागा मिळतेय! चौकातलं ते भेटवस्तूंचं दुकान, ज्याच्या काचेला नाक लावून आपण दोघी उभ्या राहायचो आणि आत जायची काही हिंमत व्हायची नाही, तेच. गल्ल्याशेजारचा कप्पा, अगदी डोळ्यांच्या उंचीवर. सोमवारी दुकान उघडताना माल पोचला पाहिजे, नाहीतर कप्पा मेणबत्तीवाल्याला जाणार, असं दुकानाच्या बाईंनी स्वच्छ सांगितलंय. साबण तयार आहेत, वेष्टनं तयार आहेत. फक्त वेष्टनावर नाव नाही, आणि बिननावाचा माल त्या ठेवत नाहीत. एवढी एकच गोष्ट अडलीय. पण ती नंतर. आधी सगळं पहिल्यापासून सांगू दे, नाहीतर माझ्या पोटात राहायचं नाही.

तू माझ्या नव्या खोल्या पाहिल्या नाहीस. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या आहेत. जिना अरुंद, त्याला रबराचा वास, आणि वर दार उघडलं की एकदम संत्र्याच्या सालीचा. खालचे सायकलवाले म्हणतात, "बाई, तुमच्यामुळे माझ्या ट्यूबांनासुद्धा वास यायला लागलाय." पुढच्या खोलीत खिडकीशी मांडण्या आहेत, त्यांच्यावर साबण वाळतात. मी मागच्या खोलीत भिंतीला चिकटून झोपते, कारण चांगल्या वाऱ्याची जागा त्यांना दिलीय. दिवसभर मी कपडे अल्टर करणाऱ्या मास्तरांकडे काम करते. कुणाची पँट सैल कर, कुणाची बाही आखूड कर. मास्तर तोंडाने फटकळ आहेत, पण मला कात्री चालवताना पाहून एकदा म्हणाले होते, "हात बरा आहे." ते कौतुक मी महिनाभर पुरवून पुरवून वापरलं. हा कप्पा मिळाला तर मास्तरांकडे अर्धाच दिवस जाईन आणि उरलेला अर्धा दिवस साबणाचा. इतके दिवस हे नुसतं मनात होतं, आता तोंडाने बोलता येतंय.

साबण करणं मला येतं, ते तुला सांगायला नको. ते विकायला कसे सजवायचे, हे मात्र मला मुळीच येत नव्हतं. घरी असताना आपण जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून शेजारणींना द्यायचो आणि त्या वाकडे कोपरे बघून हसायच्या. म्हणून या वेळी मी ठरवलं, काही झालं तरी देखणं करायचं. बाजारातून चकचकीत पारदर्शक कागद आणला, प्रत्येक वडी त्यात घट्ट बांधली, वर सॅटिनची फीत, फितीचं फूल. टेबलावर रांग मांडली आणि स्वतःच्याच प्रेमात पडले. चार दिवसांनी बघते तर आतून सगळ्यांना घाम फुटलेला. कागदाच्या आत थेंब, वड्या चिकट, आणि कॉफीच्या साबणाचा तपकिरी ओघळ थेट पांढऱ्या फितीवर उतरलेला. सगळी पलटण उन्हातून पळत आल्यासारखी दिसत होती. मी हसले, मग रडले, मग एकेक फूल उसवून ठेवलं.

मग आले खोके. जाड पुठ्ठ्याचे, चारी बाजूंनी बंद, कडा धारदार. घड्या घालून घालून माझी बोटं सोलवटली, पण काय दिसत होते गं! ते घेऊन मी पहिल्यांदा त्या दुकानाचं दार ढकललं. बाई चष्म्यावरून बघतात, मोजकं बोलतात. "ठेवून बघू," म्हणाल्या. आठवड्याने गेले तर एकही खोका धड नव्हता. सगळ्यांच्या कोपऱ्यांना नखाने पाडलेली भोकं. मला वाटलं उंदीर. बाई म्हणाल्या, "उंदीर कसले, गिऱ्हाईक! अहो, साबण माणूस आधी नाकाने घेतं आणि मग हाताने. तुम्ही तर नाकाच्या तोंडावर दार लावलंत." त्यांनी खोके परत दिले, पण दार बंद केलं नाही. "वास घेता येईल असं काहीतरी करून आणा," एवढं म्हणाल्या. त्या एवढ्यावर मी उड्या मारत घरी आले.

मग सुचलं, उघडा साबण आणि मधोमध नुसता एक कागदी पट्टा! दोन्ही टोकं मोकळी, वास घ्या, बोट लावा, रंग बघा. कागदाचं तर नशीबच उघडलं. मास्तरांकडे कपडे बेतायचे जुने कागद ढिगाने पडलेत, तपकिरी, मऊ, त्यावर पेन्सिलीच्या रेघा, बाहीची गोलाई, गळ्याचा आकार, मास्तरांचे आकडे. टाकून देणार होते. मी मागितले तर म्हणाले, "आता माझ्या बाह्या साबणाला घालणार का तुम्ही?" म्हटलं, हो. पट्टे कापले तर प्रत्येकावर वेगळी रेघ आली, कुठे खांदा, कुठे कॉलरचं टोक. संत्र्याच्या केशरी वडीवर तो तपकिरी कागद असा काही खुलला की मी खिडकीतून सायकलवाल्यांना हाक मारून दाखवला. ते म्हणाले, "छान आहे," आणि परत पंक्चर काढायला बसले. माणसाला एवढा आनंद झालेला असताना शेजारी तू असायला हवी होतीस, दुसरं काय.

आणि मग मी ती चूक केली जी फक्त मीच करू शकते. साच्यातून नुकत्याच काढलेल्या, ताज्या, गुबगुबीत वड्यांवर पट्ट्यांचं माप घेतलं आणि डिंकाने चिकटवून मोकळी झाले. आता तू कपाळावर हात मारलास ना? वाळता वाळता वड्या बारीक झाल्या. पट्टे होते तेवढेच राहिले. एका सकाळी मांडणीवरची एक वडी उचलली तर पट्टा सरळ खाली, पायजम्याची नाडी सुटावी तसा. दुसरी उचलली, तोच प्रकार. सगळ्यांचे! त्या घरी तू होतीस तेव्हा हे कधी झालं नाही. मी ओतायची आणि तू थांबवायचीस. "वाळू दे की गं आधी, पळून चाललेत का ते?" माझ्या हाताला लागू नयेत म्हणून तू वड्या कपाटावर, जुन्या सुटकेसच्या मागे लपवायचीस आणि मी स्टुलावर चढून शोधायची. सासूबाई म्हणायच्या, "अंघोळीला माणसं चार आणि साबण पलटणीला पुरेल एवढा, वर या दोघींची लपाछपी." मला घाई जन्माचीच आहे. तुझ्याशिवाय मला थांबवणारं कुणी उरलं नाही, हे त्या पडलेल्या पट्ट्यांनी मला नीट समजावलं.

पण रडत बसले नाही. मास्तरांकडे एक गृहस्थ पँट आत घ्यायला आले होते. आजारातून उठलेले, कपडे अंगावर लोंबत होते. कमरेचा पट्टा मात्र नीट बसलेला, कारण त्याला त्यांनी घरी आणखी भोकं पाडून घेतली होती. मी त्यांची कंबर मोजता मोजता मधेच थांबले. मास्तर ओरडले, "टेप धरून झोपलात का?" झोपते कसली! घरी येऊन कागदाच्या पट्ट्याला एका टोकाला जीभ कापली आणि दुसऱ्या टोकाला ओळीने चिरा दिल्या. डिंक नाही, फीत नाही. वडी बारीक झाली की जीभ पुढच्या चिरेत सरकवायची. इतकं साधं! दुकानात नेऊन दाखवलं तर बाईंनी एक वडी घेतली, वास घेतला, पट्टा काढला, घातला, एक चीर आवळली, परत सैल केली. मग चष्मा काढून चक्क हसल्या. त्या हसतात हे मला माहीतच नव्हतं. तिथे उभ्या असलेल्या एका गिऱ्हाईक बाईंनी लगेच विचारलं, "हा कॉफीचा विकायला आहे का?" मला तिथेच त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं. कसाबसा आवर घातला.

तिथेच बाईंनी कप्पा दाखवला आणि तिथेच नावाचं निघालं. "कुणी केला, कुठे केला, ते छापून आणा. उद्या कुणाच्या अंगावर पुरळ उठलं तर मी काय हवेला बोलावू?" त्यांचं म्हणणं रास्त आहे. पट्ट्याच्या मधोमध मी जागा कोरी सोडलीच होती. छापखान्यात गेले. तिथल्या गृहस्थांनी पेन्सिल कानावरून काढली आणि विचारलं, "नाव?" आणि मी बाजूच्या बाकावर जाऊन बसले. मला सांग, मी कुठलं नाव सांगू? माहेरच्या आडनावाची सवय सुटली आणि सासरच्या आडनावाचा हक्क. कोर्टातून कागद हातात आले तेव्हा मी रडले नव्हते. तुझा दादा वाईट माणूस नाही, मीही नाही, आम्ही एका छपराखाली एकमेकांना नुसते सोसत होतो आणि ते संपलं, बरं झालं. पण त्या छापखान्याच्या लाकडी बाकावर बसून मला पहिल्यांदा कळेना की मी कुणाची कोण आहे.

तुला ती बस थांब्यावरची भेट आठवते? मला रोज आठवते. तू समोरून आलीस, तुझा चेहरा फुलला, तू "वहि" म्हणालीस आणि तिथेच थांबलीस. मग "अहो" म्हणालीस. मला, अहो! मग तुझी बस आली. मला माहीत आहे तू मुद्दाम केलं नाहीस. तुलाही कळलं नसेल, आता या बाईला काय म्हणायचं. मी त्या दिवशी घरी चालत गेले आणि वाटेत स्वतःशीच तो शब्द पुरा करून बघितला. नवरा गेल्याचं मी पचवलं. तू गेलीस, हे अजून पचलेलं नाही.

तर छापखान्यात काय झालं ते सांगते, म्हणजे हे पत्र का लिहिलं ते कळेल. त्या गृहस्थांनी पुन्हा "नाव?" विचारलं आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "नणंद-भावजय." ते हसले, म्हणाले, "अहो, हा साबण घरात नेला तर भांडणं लागतील." मी म्हटलं, आमची कधी लागली नाहीत. त्यांनी एका पट्ट्यावर छापून दाखवलं, तो नमुना सोबत ठेवलाय, बघ कसा दिसतो. पण पुढे छापू नका म्हणून मी त्यांना थांबवलंय. हो, मी थांबवलंय, हसू नकोस. कारण त्या कोर्टाच्या कागदांवर तुझ्या दादाची सही आहे, माझी आहे, साक्षीदारांच्या आहेत, पण तुझी नाही. आपलं नातं मोडायचं की ठेवायचं हे तुला कुणी विचारलंच नाही. म्हणून मी विचारतेय. समोर येऊन विचारलं असतं तर तू भिडेखातर हो म्हणाली असतीस. पत्राला नाही म्हणणं सोपं असतं. नाही म्हणालीस तर माहेरचं आडनाव छापीन, सोमवारी माल जाईलच, आणि मी रुसणार नाही. खोटं कशाला बोलू, थोडी रुसेन. पण हो असेल, आणि ओतणारीला थांबवणारी परत हवीय असं तुलाही वाटत असेल, तर शनिवारी दुपारच्या आत मला फोन कर. घरचं कुणी जवळ असलं तर जास्त बोलू नकोस, नुसतं "छाप" म्हण.

तुझीच,
तू अजून म्हणत असशील तर,
वहिनी