शून्य रुग्णांच्या गल्लीत क्ष-किरण गाडी परत पाठवण्याबाबत

प्रति,
मा. क्षयरोग नियंत्रण अधिकारी,
शहर आरोग्य कार्यालय

विषय : शिवणकारखान्यांच्या गल्लीतील फिरती क्ष-किरण तपासणी पुन्हा सुरू करणेबाबत.
संदर्भ : माझे मागील दोन अर्ज व त्यांवर दोनदा आलेले एकच उत्तर.

महोदय,

सविनय निवेदन की, क्षयाचा फैलाव वर्तवणारे गणिती प्रारूप या कार्यालयासाठी मी तयार केले आहे. पुढे कोणत्या भागात रुग्ण वाढतील ते त्यावरून ठरते व तपासणीची गाडी तिकडे जाते.

गतवर्षी गाडी नादुरुस्त असल्याने सदर गल्लीत तपासणी झाली नाही. अहवालातील रकाना कोरा राहिला. संगणक कोरा रकाना घेईना, म्हणून नोंद विभागाने तेथे शून्य भरले. शून्याला कशानेही गुणले तरी शून्यच. प्रारूपाने गल्ली निरोगी ठरवली, कार्यालयाने ‘क्षयमुक्त’ अशी पाटी ठोकली आणि दुरुस्त झालेली गाडी दुसरीकडे गेली. आडात पोहरा सोडलाच नाही आणि आड कोरडा म्हणून जाहीर केला, असा हा प्रकार आहे.

रुग्ण असल्याचा पुरावा दिल्यास गाडी पाठवू, असे आपले उत्तर आले. पुरावा गाडीतच मिळतो, हे मी नम्रपणे कळवले. तेच उत्तर पुन्हा आले, खाली हाताने एक ओळ जोडून : ‘स्वतःचेच प्रारूप आपणांस अमान्य कसे?’ महोदय, या ओळीचा मला अतिशय संताप आला आहे.

त्याच गल्लीत, एका तळघरात, माझी थोरली वहिनी शर्टांना कॉलर लावते. तिचा खोकला थांबत नाही; अंगावरचे कपडे लोंबू लागले आहेत. दवाखान्यात चल म्हटले की म्हणते, “सगळ्यांचीच तपासणी असेल तर मीही रांगेत उभी राहते गं. एकटी गेले तर मालक उद्यापासून येऊ नकोस म्हणेल, वर ती पाटी दाखवेल.” हसावे की कपाळ बडवून घ्यावे, कळत नाही.

अखेर काल, नाव कुठेही येता कामा नये या अटीवर, तिने थुंकीचा नमुना दिला. प्रयोगशाळा बिननावाचा नमुना घेत नाही. खोटे नाव मी घालणार नाही. या कार्यालयात एक खोटा आकडा आहे तेवढा पुरे. सबब, आपण मागितलेला पुरावा सोबत जोडला आहे. तो तपासून घ्यावा किंवा गाडी पाठवावी. काहीही करा, पण लवकर करा. मला तिच्या जिवाची भीती वाटते.

आपली, अजून तरी नम्र,
(सही)
गणितज्ञ, साथरोग विभाग
दिनांक : आजचाच; नमुना शिळा होण्यापूर्वीचा

सोबत :
१. मागील दोन्ही अर्जांच्या प्रती.
२. थुंकीचा नमुना, घट्ट झाकणाच्या डबीत, दुहेरी पिशवीत. शिपायाने उघडू नये. आपण स्वतः उघडणार असाल, तर आधी खिडकी उघडावी. वहिनीच्या तळघराला खिडकी नाही.