साठाव्या मिनिटाचा सभात्याग

१२ ऑगस्ट, शनिवार. सकाळ.
भाषणाचा मसुदा: "ब्रॅकल्डन अ‍ॅथलेटिकच्या पूर्व स्टँडमधल्या बंधुभगिनींनो, आपण सगळे एकाच दुःखानं पोळलेले आहोत. आपला संघ पुढे जात नाही. चेंडू मागे, आणखी मागे, शेवटी गोलकीपरकडे."
सुरुवात दमदार. बायकोला वाचून दाखवली. ॲव्हरिल म्हणाली, क्लिफ, हंगामातली पहिली मॅच आज आहे. निदान ती होऊ तरी दे.
संध्याकाळ. ०-३.

७ ऑक्टोबर.
अकरा सामने, पाच गुण. चोवीस संघांत चोविसावे. तळाचे तीन संघ तिसऱ्या श्रेणीत जाणार. मी जिवंत असताना ते होणे नाही.
ठराव: मॅनेजर हॅलोरन हटलाच पाहिजे. २१ तारखेला साठाव्या मिनिटाला अख्ख्या पूर्व स्टँडनं सभात्याग करायचा. चारशे पत्रकं वाटली. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला; लोक कसे पेटतात ते मला ठाऊक आहे.

२१ ऑक्टोबर.
साठावं मिनिट. उठलो. चला, म्हणालो. मागच्या रांगेतला डेस (आयुष्यभर बस चालवली, आता नुसता बोलतो) म्हणाला, येताना स्टॉलवरून एक मटण पॅटिस आणा, ग्रेव्ही जास्त घाल म्हणावं.
एकटाच उतरलो. गेटवर ब्रेंडा, माझी जुनी विद्यार्थिनी. एकदा बाहेर पडलेल्याला परत आत घेत नाहीत. बासष्टाव्या मिनिटाला आतून गर्जना. भिंतीच्या विटा हातांखाली थरथरल्या. मी आत सोड म्हणालो. ती म्हणाली, सर, नियम म्हणजे नियम, तुम्हीच शिकवलंत.
१-०. घरच्या मैदानावरचा पहिला विजय.
निष्कर्ष: आंदोलनाचा धसका बसला.

४ नोव्हेंबर.
पुन्हा सभात्याग. पुन्हा एकटा, पण स्टँड उभा राहिला, टाळ्या वाजवल्या. लोक जागे होताहेत. २-०.

२८ नोव्हेंबर, मंगळवार.
चाळिसाव्या मिनिटाला ०-१. डेस म्हणाला, मास्तर, आज जरा लवकर निघा की. चळवळ काय घड्याळ बघून करतात? मी म्हणालो, तत्त्व म्हणजे तत्त्व. साठ म्हणजे साठ. साठला माझी टोपी, मफलर, थर्मास हातोहात माझ्यापर्यंत पोचवलं गेलं. एवढी आपुलकी मला तीस वर्षांत शाळेनं दाखवली नाही.
२-१. गारठा भयंकर.

१ जानेवारी.
संघ सोळावा. हॅलोरन महिन्याचा सर्वोत्तम मॅनेजर. पेपरात त्याच्या डावपेचांचं कौतुक, माझा उल्लेख नाही. खऱ्या कारणांची नोंद इतिहास उशिरा घेतो.
ऑक्टोबरपासून घरच्या मैदानावर आपले अकरा गोल. मी पाहिलेले: शून्य.

१६ मार्च.
बाहेरगावी सलग हरतोय. पण घरी घडी बसली आहे, तेव्हा आंदोलन स्थगित. आज शेवटपर्यंत बसणार, आपला गोल डोळ्यांनी बघणार.
साठावं मिनिट. तीन रांगा माझ्याकडे वळल्या. चौसष्टला ०-१. सत्तरला ०-२. पुढच्या रांगेतल्या बाई गेली वीस वर्षं मला पेपरमिंट देतात. आज डबी मिटली.
डेस म्हणाला, मास्तर, इथं बसण्यासारखं आहे तरी काय?

२० एप्रिल.
पुन्हा बसलो. एका प्रयोगावरून निष्कर्ष काढू नये. ०-४. संघ बाविसावा.
घरी येताना ॲव्हरिल (सामन्याला ती माझ्या शेजारीच असते) बसमध्ये दुसऱ्या सीटवर बसली.

४ मे. सकाळ.
शेवटचा सामना. जिंकलो तर तरलो, नाहीतर तिसरी श्रेणी. ठराव: काहीही झालं तरी उठायचं नाही. एकतीस वर्षं या खुर्चीवर बसलो आहे. आपल्या संघाचं काय होतं ते बघण्याचा माणसाला हक्क आहे.

४ मे. संध्याकाळ.
अठ्ठावन्न मिनिटं, ०-०. डेसनं खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, क्लिफ, मी तुला जा म्हणत नाही. फक्त माझ्या बापाची राख त्या गोलपोस्टमागे पसरलेली आहे, एवढंच. मी ॲव्हरिलकडे पाहिलं. तिच्या मांडीवर माझा कोट घडी करून तयार होता.
साठला उठलो. या वेळी टाळ्या नाहीत. लोकांनी पाय आखडून वाट दिली. ब्रेंडानं गेट आधीच उघडून धरलं होतं. सर, पळा, म्हणाली.
अठ्ठ्याऐंशी. गर्जना. कुणाची ते कळेना. मी गेट ठोठावलं. आपला, सर, आपला, असं रडत ओरडून ती आत मैदानाकडे धावली. कुलूप तसंच.
तरलो.
साडेसहाला ॲव्हरिल आली. सगळे मैदानात उतरले होते म्हणे. तिच्या मुठीत गवत होतं. गोल कसा झाला, विचारलं. ती म्हणाली, क्लिफ, तो सांगून नाही रे कळायचा.

५ मे, रविवार.
पुढच्या सभेसाठी मसुदा: "बंधुभगिनींनो, हॅलोरनबद्दल मला काही म्हणायचं नाही. सगळ्यांनी उठा, असंही आता म्हणत नाही. पुढच्या हंगामात फक्त एका सामन्यात, साठाव्या मिनिटाला, माझ्याऐवजी तुमच्यापैकी कुणीतरी एकानं बाहेर जा."