सातवं माप

साउन ३
साउनच्या पावसातही काउले गावात सुखरूप पोहोचलो. धोक्याचा नकाशा करायचा आहे: डोंगर सुटला तर जी घरं जातील ती लाल, उरतील ती हिरवी. वॉर्ड-अध्यक्ष बुद्धिमान मोक्तान यांनी नाचणीचा ढिंडो आणि कोंबडीचा रस्सा वाढता वाढता विचारलं, बाजे (इकडे ब्राह्मणाला बाजेच म्हणतात), माझं घर हिरवं व्हायला किती कोंबड्या लागतील? शास्त्रात कोंबडीची तरतूद नाही, असं सांगून मी रस्सा दोनदा घेतला.
गावाच्या डोक्यावर डोंगराला भेग आहे. तिच्या दोन्ही काठांवर खुंट्या आहेत. मधलं अंतर रोज सकाळी मोजायचं. चढ उभा, आणि माझे गुडघे संस्कृत पाठशाळेतच झिजलेले. सेतीमाया नावाची बाई आपणहून मोजायला तयार झाली. खिडकीखालून आकडा ओरडून सांगते. आज एकतीस सेंटीमीटर.

साउन ४
बत्तीस. बाई फटकळ आहे. म्हणाली, बाजे वर येत नाहीत, तर डोंगरालाच खाली बोलावते.

साउन ५
पुन्हा बत्तीस. क्रम ओळखीचा वाटला. वही जुनीच आणली आहे, मागची पानं चाळली. नऊ वर्षांपूर्वी, सिम्ले गाव: एकतीस, बत्तीस, बत्तीस. दुसरा बत्तीस खरं वाटावं म्हणून घातलेला. तिथेही मी वर गेलो नव्हतो. नदीपलीकडच्या चहाच्या दुकानात बसून सहा आकडे रचले, ‘प्रत्यक्ष पाहणी केली’ लिहून सही ठोकली, गाव हिरवं ठरवलं. सातव्या दिवशी डोंगर आला. तेवीस घरं होती.

साउन ६
छत्तीस. वहीतही छत्तीस. बुद्धिमानजींना विचारलं, सेतीमाया कुठे राहते? ते म्हणाले, थट्टा करू नका बाजे. ती सिम्लेत डोंगराखाली गेली.

साउन ७
एक्केचाळीस. दार उघडलं. खाली कोणी नाही. चिखलात वर जाणारी पावलं.
गाव हलवायचं, तर मला कसं कळलं हे सांगावं लागेल. उद्या सांगू म्हणत वही मिटली. आजही.

साउन ८
चव्वेचाळीस. वहीतला शेवटचा.
सगळ्यांसमोर सिम्लेचं सांगितलं. सही दाखवली. कोणी शिवी दिली नाही. एका म्हातारीनं एवढंच विचारलं, त्या दुकानातला चहा गोड होता का हो, बाजे?
संध्याकाळी बकऱ्यांसकट गाव रिकामं. बुद्धिमानजी चला म्हणाले. म्हटलं, एक माप राहिलंय.

साउन ९
वर आलो. पहिल्यांदाच.
मोजायची फीत एकट्याला धरता येत नाही — एवढंही मला ठाऊक नव्हतं —
पलीकडचं टोक कुणीतरी धरलंय. भेगेतून. ओढतंय —
म्हणते, वाचा ना, बाजे. या वेळी खरा आकडा —
पन्नास — सत्तर — पायाखालचं —