तोंड आलंय, बाकी काही नाही

२ जानेवारी
खर्रा बंद. आजपासून तंबाखू-सुपारीले कायमचा रामराम. तोंड आलंय, नीट उघडत नाही, एवढंच. बाळापूरच्या डॉक्टरनं तीन बोटं तोंडात घालायले लावली. दोनच गेली. माझी बोटंच जाड, त्याले मी काय करू! म्हणे उद्याच नागपूरले मोठ्या दवाखान्यात जा. डॉक्टर लोकं भेव दाखवतातच.

५ जानेवारी, सकाळी
खर्रा एकदम सोडला तर बीपी वाढते, असं पानठेल्यावर समजलं. म्हणून अर्धीच पुडी. बायकोची, आशाची, रोजची कटकट, नागपूरले चला. म्हटलं, ओळखीबिगर मोठ्या दवाखान्यात कुत्रं तरी विचारते काय? अमरावतीचा साडभाऊ वामनराव ओळख काढून राहिला.

१९ जानेवारी
निघालो! अकोल्याहून गाडी. बडनेऱ्यालेच उतरलो, कारण अमरावतीत वामनरावच्या पोरीचं लग्न ठरलं, तिचं साक्षगंध. एका खेपेत दोन कामं. आशा उतरेच ना, साऱ्या डब्यादेखत भांडली. बायकांले प्लॅनिंग समजत नाही. पंगतीत भाजीनं तोंडाची आग झाली, वरणात भात कालवून प्यालो. वामनरावचा दवाखान्यातला माणूस सुट्टीवर हाय म्हणे. मंग नागपूरले जाऊन काय करता? घरी वापस.

११ फेब्रुवारी
माणूस अजून सुट्टीवरच. गालाले गाठ आली. दाढ सुजली असन. उद्यापासून खर्रा बंद म्हणजे बंद.

३ मार्च, नागपूर
आशानं मले न विचारता तिकिटं काढली. वामनरावचा माणूस भेटला. लिफ्ट चालवते. लाईन सोडून मले आधी चौथ्या माळ्यावर नेलं. ओळख ती ओळख! वर नंबर एकशे बारावा. गालाचा तुकडा काढून तपासायले धाडला.

११ मार्च, नागपूर
रिपोर्ट आला. ऑपरेशन करायचं नाही म्हणे! आशाले म्हटलं, पाह्य, दोन महिने उगाच डोकं खाल्लं माझं. तर ती भिंतीकडे तोंड करून रडून राहिली. मंग बोलली. डॉक्टरनं तिले सांगितलं होतं, जानेवारीत आले असते तर काढता आलं असतं, आता गळ्यापर्यंत गेलं.
तसाच आत गेलो. म्हटलं साहेब, जबडा काढा, जीभ काढा, जे काढायचं ते काढा, मले मरायचं नाही.
साहेब म्हणे, दुखणं कमी व्हायची गोळी लिहून देतो.