दाराआडून वाचलेला इतिहास

अमडापूर,
माघ वद्य सप्तमी, गुरुवार.

तीर्थरूप मामाजींस,
सून यमुनेचा साष्टांग नमस्कार.

काल तुमचं तेरावं झालं. आज सकाळी उरलेले पाहुणे गेले. मोठे भाऊजी आणि हे जेवून तुरीच्या खळ्यावर गेले. तुमच्यामागे आत्याबाई माजघरात कोपरा धरून बसल्या आहेत. मी भांडी घासली, ओसरी सारवली.

गेलेल्या माणसाला तीर्थरूप लिहायचं की कैलासवासी, हे मला कोणी शिकवलं नाही. तुम्ही असता तर म्हणाला असता, "पुस्तकात पाह्य ना, सूनबाई!" आज लिहायचं कारण एवढंच, की सकाळी घरात माझ्या परीक्षेची गोष्ट निघाली. ती तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

लग्न झालं तेव्हा मी बुलढाण्याला मामाकडे राहून नववीत शिकत होते. शाळा सुटली, पुस्तकं पेटीत गेली. ती पेटी उघडायला लावली तुम्ही. "मॅट्रिक बाहेरून देता येते म्हंते. देशीन का?" एवढंच विचारलंत. सुनेला असं विचारणारा सासरा मी तरी ऐकला नव्हता. तुम्हाला हे कुठून सुचलं? कितीदा विचारावंसं वाटलं, पण तोंड उघडलं नाही.

सासऱ्यासमोर सुनेनं बसायचं नाही. म्हणून तुम्ही ओसरीवर आणि मी दाराआड. शेतातून आलात, पाय धुतलेत, चहा झाला की तुमचा आवाज यायचा, "हं, काढ." गणित तुम्हाला नको, संस्कृत नको. इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र, एवढंच काय ते हवं. नकाशा दाखवायचा असला की मी पुस्तक उंबऱ्यावर ठेवायची आणि तुम्ही उचलायचे. दोघांनी मिळून एक नकाशा कधी पाहिला नाही आपण!

मध्यप्रांत आणि वऱ्हाडाच्या नकाशात तुम्ही अमडापूर शोधत बसला होतात, आठवतं? चिखली सापडली, अमडापूर काही सापडेना. "शेतसारा घ्याले बरं सापडते या सरकारले!" तुम्ही म्हणालात, आणि मी पदर तोंडात कोंबून हसले. ऐकू आलं होतं का तुम्हाला?

मग तो वऱ्हाडाचा धडा. निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं, पुढे कायमच्या मक्त्यानं दिलं, आणि इंग्रजांनी ते मध्यप्रांताला जोडलं. मी वाचत होते आणि तुम्ही मध्येच थांबवलंत. "कायमचा मक्ता? आपण वावर देतो ते वर्साच्या बोलीनं देतो. कायमचं देल्लं तं मंग मालक कायचा?" मी म्हटलं, पुस्तकात तेवढंच आहे. त्या दिवशी बांगड्यावाले करीमचाचा बसले होते. तुम्ही त्यांना म्हणालात, "आयक करीम, कागदावर आपण अजून निजामाचेच आहो."

"मी कोणाचाच नाही, पाटील. मी अमडापूरचा. निजामाचा गडी तू असशीन, तं माही चिलम भर."

खरंच भरलीत तुम्ही. चिलीम पेटवताना विचारलंत, "सूनबाई, हे सारं ठरोलं, तवा वऱ्हाडातल्या कोणाले इचारलं होतं का?"

मी म्हटलं, पुढच्या धड्यात असेल. पुढचा धडा निघाला पाऊसपाण्याचा आणि पिकांचा. तो वाचायच्या आतच तुम्हाला ताप भरला. छातीत कफ झाला, वैद्य झाले, डॉक्टर झाले, आणि प्रश्न तसाच राहिला.

एक तक्रार आहे, रागावू नका. दहाव्याला पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला म्हणे. तुम्हाला एवढी कसली घाई होती? जरा अडला असता तर लोकांनी हात जोडून विचारलं असतं, बाबा, काय राहिलं? कोणी म्हटलं असतं, वावर सांभाळू. कोणी म्हटलं असतं, आईला जपू. आणि एखाद्यानं तरी माझ्या परीक्षेचं नाव काढलं असतं! पण कावळा आला, घास घेतला, उडाला. सगळे म्हणाले, समाधानानं गेले, मागं काही राहिलं नाही.

आज सकाळी भाऊजी तेच म्हणाले. जेवता जेवता यांना म्हणाले, "आता कायची परीक्षा! बाबाचा शौक होता तो. बाबा गेले, शौक गेला. त्यायचं काही बाकी असतं तं कावळा असा झटक्यात शिवला असता का?"

हे खाली बघून भाकरी मोडत राहिले. मी दाराआड उभी होते. मामाजी, मला मोठ्यांपुढे उलटून बोलता येत नाही हे तुम्हाला माहीत आहे. पण तोंडातून तुमचाच प्रश्न निघाला. "भाऊजी, जायचं नाही हे ठरलं, तेव्हा मला कोणी विचारलं का?"

कोपऱ्यातून आत्याबाई बोलल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच धड बोलल्या असतील.

"ते इचारून राह्यली ना? मंग सांग तिले."

"माय, तू बी आता..."

"कावळ्यानं भात खाल्ला बापा. पोरीची परीक्षा नाही खाल्ली."

भाऊजी हात धुऊन खळ्यावर निघाले. हे वहाणा घालता घालता मला ऐकू जाईल असं म्हणाले, "चिखलीपर्यंत छकडा नेतो. पुढं बुलढाण्याले मोटर हाय."

आत्याबाईंना सव्वा महिना उंबरा ओलांडता येत नाही. त्या म्हणाल्या, "तू जाय. अन् थ्या कागदात काय काय इचारलं, ते येऊन मले सांगजो." त्या आजवर तुम्हाला म्हणत, सुनेला काय कलेक्टर करता का! त्यांना कागदात काय विचारतात याची उत्सुकता कधीपासून?

मग मीही धीर करून त्यांना एक विचारलं. मी वाचायची तेव्हा मामाजी कसे दिसायचे? इतकी वर्षं तुमचा आवाज ऐकला, पण ऐकतानाचा चेहरा पाहिला नाही. त्या म्हणाल्या, "डोये बारीक करून बसत. बैल इकत घेताना त्याचे दात पाह्यते, तसे." आणि मग पदरात तोंड घालून रडल्या. मी जवळ बसून राहिले.

मामाजी, मी परीक्षेला जाईन. वऱ्हाडावर प्रश्न आला तर पुस्तकात आहे तेच उत्तर लिहीन, कारण पास व्हायचं आहे. पण पेपर झाला की तिथल्या इतिहासाच्या मास्तरांना तुमचा प्रश्न विचारीन. त्यांना माहीत नसेल तर ज्याला माहीत असेल त्याला विचारीन. उत्तर मिळालं की इथे ओसरीवर येऊन मोठ्यानं वाचीन.

ऊन कललं आहे. अंगणात मिरची वाळत घातली आहे, ती सुपात भरून आत आणते.

तुमची सून,
यमुना