गिरणीवाल्या मालनबाईंचं शेवटचं दळण

मी, मालनबाई पुंजा बोरस्ते, वय एकाहत्तर, धंदा पिठाची गिरणी, राहणार गंगापूर रोड, नाशिक, हे मृत्युपत्र कोणाच्या दडपणाखाली नव्हे, तर रागाच्या भरात पण पूर्ण शुद्धीवर लिहून ठेवते. शुद्धीचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझा मुलगा प्रफुल्ल सगळ्यात आधी "म्हातारीला भ्रम झाला होता" हेच म्हणणार.

१. गिरणी व तिच्यामागचं घर ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. आमच्या यजमानांनी गिरणीत आयुष्यभर फक्त झोप काढली. सबब, वडिलोपार्जित म्हणून कोणी हक्क सांगू नये.

२. ही सर्व मिळकत माझ्या पश्चात माझी सून अंजली हिची एकटीची. प्रफुल्ल तिला मारायचा. मागच्या दिवाळीत तिचा हात मोडला आणि दवाखान्यात यानं "ओट्यावरून पडली" म्हणून सांगितलं. पोटचा आहे, लिहिताना लाज वाटते, तरी लिहिते. त्याच दिवशी मी त्याची बॅग रस्त्यावर ठेवली. आता पिंपळगाव बसवंतला राहतो आणि येऊन दार बडवतो, "आई, तू डोळे मिटलेस की हिला बाहेर काढतो!" अंजलीला आईबाप नाहीत. नामपूरचा भाऊ "दिल्या घरी सुखी राहा" म्हणून फोन ठेवतो. तिनं जायचं कुठं? एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

३. गिरणी अंजलीनं चालू ठेवावी. बायका पोलिसांत जायला घाबरतात, समुपदेशन केंद्राची पाटी दिसली की रस्ता बदलतात. पण दळणाचा डबा घेऊन निघालेल्या बाईला कुठली सासू अडवते? आणि गिरणी सुरू झाली की आतलं बोलणं बाहेर ऐकू जात नाही. जी "भाजणी आहे, वेळ लागेल" म्हणेल, तिला आत बसवावं, चहा द्यावा. "इतके दिवस सहन का केलंस?" असला शहाणपणा करू नये. ती म्हणेल तेव्हाच, हे मृत्युपत्र करून देणाऱ्या वकीलबाईंना फोन लावावा, आधी नाही.

४. दीर सहादू यांनी चार माणसं जमवून अंजलीला "बाईमाणसानं नमतं घ्यावं" असा उपदेश केला. माझा कमरेचा पट्टा त्यांना द्यावा. नमतं घ्यायला कंबर धड लागते.

५. प्रफुल्लला काहीच दिलं नाही असं कोणी म्हणू नये. हे घर अंजलीचं माहेर आहे आणि मी तिची आई, असं मी जाहीर करते. म्हणजे प्रफुल्ल इथला जावई झाला. जावयाचा मान केवढा! धोंड्याच्या महिन्यात त्याला अनारसे खाऊ घालतात. तो महिना तीन वर्षांनी येतो, आणि जावई बोलावणं आल्याशिवाय सासुरवाडीला जात नाही. बोलवायचं की नाही, ते अंजली ठरवील. नाही बोलावलं तर दार बडवू नये, शोभत नाही.

प्रफुल्ल, माझा तुझ्यावर जीव आहे रे. पण त्यापायी तिचा जीव मी जाऊ देणार नाही.

ठिकाण : नाशिक
दिनांक : ११ मार्च २०२५
सही : मालनबाई पुंजा बोरस्ते

साक्षीदार १ : ललित खैरनार, शेजारचे दुकानदार.

साक्षीदार २ : गोजराबाई निकम, शेजारीण. मालनबाईंनी माझ्यासमोर सही केली. जावयाचं कलम वाचून आम्ही दोघी खूप हसलो. मग त्या रडल्या. मी म्हटलं, खोडायचं का? म्हणाल्या, "नाही. पेन दे."