वजने आधी, गुण नंतर

मी, खाली सही करणारी, धंदा कृत्रिम पाय तयार करण्याचा, वय एकाहत्तर, आज सकाळी चहा घेऊन, चष्मा पुसून, कोणी सांगितले म्हणून नव्हे तर माझ्या मनात आले म्हणून हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचे खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी तपासून लिहून दिले आहे. जिभेबद्दल त्यांना कोणी विचारले नाही. यापूर्वी केलेले मृत्युपत्र मी या लेखाने रद्द करते. त्यात कार्यशाळा माझ्या शिष्येच्या नावे होती. आता ती मुलाच्या नावे होत आहे. हे का झाले ते नीट लिहिणे भाग आहे, नाहीतर लोक म्हणतील, म्हातारीने शेवटी पोटच्या पोराकडेच ओढले.

कलम १. निर्णय कसा केला त्याविषयी.

माझा डावा पाय गुडघ्याखाली नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. तो एकोणिसाव्या वर्षी मालगाडीच्या डब्यातून उतरवल्या जाणाऱ्या लाकडाखाली गेला. त्यानंतर मला पहिला पाय बसवला तो वडील, काका आणि दवाखान्यातले एक साहेब यांनी मिळून निवडलेला. दिसायला हुबेहूब होता. नखेसुद्धा होती. पण इतका जड की दुपारपर्यंत मी भिंतीला टेकायची. तिघांनी खूप विचार केला होता, फक्त मला विचारले नव्हते.

दुरुस्तीसाठी मी ज्या कार्यशाळेत गेले तिथल्या मिस्त्रींनी पाय हातात घेतला, खाली ठेवला आणि विचारले, "या पायाने तुला करायचंय काय?"

मी म्हटले, सायकल चालवायची आहे, जिने चढायचे आहेत, आणि लोकांनी बघितले तर बघू दे. त्यांनी मला खडू दिला आणि फळीवर या गोष्टी लिहायला लावल्या. मग म्हणाले, तुझ्याजवळ शंभर आहेत, ते यांच्यात वाटून टाक. जे जास्त हवे त्याला जास्त; हे त्या गोष्टीचे वजन. दिसण्याला मी पाच दिले. त्यानंतरच त्यांनी कपाटातून तीन प्रकारचे पाय काढले. एकेका पायाला प्रत्येक गोष्टीसाठी दहापैकी गुण दिले, गुणाला त्या गोष्टीच्या वजनाने गुणले आणि बेरीज केली. जो पाय पहिला आला तो दिसायला एखाद्या खुर्चीचा वाटावा असा होता. त्या पायावर मी अकरा वर्षे सायकल चालवली आणि त्याच कार्यशाळेत कामाला लागले; मिस्त्रींच्या पश्चात ती माझ्याकडे आली.

मिस्त्रींचा नियम एकच होता: वजने आधी, गुण नंतर. माल डोळ्यांसमोर आला की माणूस वजने सरकवतो आणि आपल्याला आवडलेलेच पुढे आणतो.

कलम २. माझे पती, आता हयात नाहीत, यांच्याविषयी, कारण घर त्यांच्यामुळे आहे.

मला दोन स्थळे आली होती. एक वखारीच्या मालकाचा मुलगा, दुसरा शाळेच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी सांभाळणारा. मी तक्ता मांडला आणि भांडीवाला पहिला आला. वडील चिडले. म्हणाले, वजने तू हवी तशी दिली असशील. मी त्यांना कोरा कागद दिला. त्यांनी स्वतःची वजने घातली, अर्धे शंभर स्थैर्याला, आणि वखारवाला पहिला आला. आम्ही दोघांनी ते दोन कागद शेजारी ठेवून ताडून बघितले. गुण दोघांचे जवळपास सारखेच होते. भांडण गुणांचे नव्हतेच.

शेवटी वडील म्हणाले, "माझा कागद बरोबर आहे. पण लग्न मला करायचं नाहीये."

त्यांनी स्वतःचा कागद फाडला. माणूस हट्टी होता, पण हिशेब समजत होता. त्या लग्नात मी एकतीस वर्षे सुखाने भांडले.

कलम ३. राहते घर, तीन खोल्या, मागचा सज्जा आणि त्यावरच्या कुंड्यांसह, माझ्या मुलीला द्यावे.

यासाठी मी तक्ता मांडायला घेतला होता. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, मला हवंय, दादाला नकोय. यात गुणाकार कशाला?" मुलाला विचारले, तोही तेच म्हणाला. तक्ता पेचासाठी असतो. पेच नसेल तिथे तो मांडणे म्हणजे सरळ वाटेवर नकाशा उघडून उभे राहणे. घर मुलीचे.

कलम ४. माझे धाकटे दीर यांस जेवणाच्या टेबलाची खिडकीकडची खुर्ची द्यावी.

त्या खुर्चीवर बसून ते दर भेटीत म्हणत, "वहिनी तक्ते मांडून संसार करते, भाऊ बिचारा गुण मिळवतोय." सगळे हसत, माझे पतीही हसत, मी नंतर हसत असे. त्या खुर्चीचा एक पाय डुगडुगतो. पाय बसवण्यात माझे आयुष्य गेले, पण तो मी मुद्दाम बसवला नाही. त्यांनी एकदा सांगितले असते तर पाच मिनिटांचे काम होते.

कलम ५. कार्यशाळा, जागा, यंत्रे, साचे, फोनचा नंबर आणि नावलौकिक यांसह.

आता मुद्द्याचे. माझ्याकडे दोन माणसे आहेत. एक माझी शिष्या, जिला सगळे कानस म्हणतात. हाताने तर घासतेच, बोलतानाही घासते. तिच्या हातचा पाय लोक कपड्यावरून हात फिरवून बघतात, आणि तरी ओळखत नाहीत. दुसरा माझा मुलगा. त्याचा कारखाना बंद पडल्यावर तो माझ्याकडे आला. फोन उचलतो, सामान आणतो, घरोघरी जातो. हत्यार त्याच्या हातात आले की मी दुसरीकडे बघते.

कोणाला द्यायचे हे माझ्या मनात पक्के होते. तरी मिस्त्रींचा नियम मोडायचा नाही म्हणून मी वजने घालायला बसले. हातकामाला साठ दिले. दुसऱ्या दिवशी तो कागद वाचताना मला माझा पहिला पाय आठवला. तीन हुशार माणसांनी मिळून निवडलेला. इथेही मी तेच करत होते. कार्यशाळा माझ्या नावावर असेल, पण तिच्या जोरावर चालणारे लोक वेगळे आहेत.

म्हणून जे आमचे पाय वापरतात त्यांना मी एका रविवारी बोलावले. उमेदवार कोण ते सांगितले नाही. फक्त विचारले, मी नसताना या जागेकडून तुम्हाला काय हवे? शंभर वाटा. हातकाम, तातडीची दुरुस्ती, ऐकून घेणे, हिशेब. मला खात्री होती की हातकाम पहिले येणार.

हातकामाला वीस मिळाले. तातडीच्या दुरुस्तीला पंचेचाळीस, ऐकून घेण्याला पंचवीस, हिशेबाला उरलेले दहा.

मी म्हटले, असे कसे, कामात कधी कसर राहिली का? बसमध्ये कंडक्टर असलेली बाई बोलली. "ताई, पाय दुरुस्तीला दिला की तो परत फार सुंदर होऊन येतो. पण तो येईपर्यंत मी खिडकीत बसून दुसऱ्यांच्या बस मोजते."

मग एकेक जण सांगू लागला. कानस अर्धवट काम हातातून सोडत नाही; पट्टा तुटला तरी ती अख्खा पाय उघडते आणि आठवडाभर ठेवून घेते. मधल्या काळात माझा मुलगा घरी जाऊन जुना पाय तात्पुरता बसवून देतो, पट्टा बांधून देतो, घरातल्या लेकराला शाळेत पोहोचवायचे असेल तर तेही करून येतो. हे मला ठाऊक नव्हते. त्याने कधी सांगितले नाही, आणि मी कधी विचारले नाही, कारण मी त्याचे हात बघत होते.

गुण मी स्वतः दिले, आणि कडक दिले. हातकामात कानसला दहा, मुलाला चार. दुरुस्तीला धावून जाण्यात कानसला चार, मुलाला नऊ. ऐकून घेण्यात पाच आणि आठ, हिशेबात सहा आणि आठ. बेरीज मुलाची सातशे पासष्ट, कानसची पाचशे पासष्ट. माझी वजने वापरली असती तर कानस आरामात जिंकली असती. तेही करून बघितले. पण तो कागद माझा होता, आणि त्या पायांवर चालायचे मला नाही.

सबब कार्यशाळा मुलाला द्यावी.

कलम ६. माझी सर्व हत्यारे, मिस्त्रींकडून मला आलेली धरून, आणि उत्तरेच्या खिडकीखालचे बाक कानसला द्यावे. तिला हवे तितकी वर्षे तिने तिथे काम करावे. नवीन पाय तिचे, तातडीची कामे मुलाची. तिच्या मागे कोणी घाई लावू नये. मी तिला हे समोर बसवून सांगितले. वाईट वाटले का विचारले. ती कानस खाली न ठेवता म्हणाली, "दोन दिवस वाटलं. मग लक्षात आलं, आता तो फोन मला उचलावा लागणार नाही."

कलम ७. मुलाला मी निकाल सांगितला तेव्हा तो आनंदला नाही. त्याने आधी विचारले, "हातकामात मला किती दिलेस?"

मी खरे ते सांगितले. चार.

तो म्हणाला, "बरोबर आहे. शिकव." चाळीस वर्षांत त्याने माझ्याशी हा शब्द पहिल्यांदा वापरला. तेव्हापासून रोज सकाळी तो माझ्याशेजारी बसतो, साचे बिघडवतो, पुन्हा करतो. कानस येता-जाता टोमणा मारते आणि त्याची पकड सुधारून जाते. चार आता राहिलेले नाहीत. किती झाले ते मी लिहीत नाही. डोके वर जाईल.

कलम ८. माझ्या पश्चात कोणाला हा निकाल चुकीचा वाटला तर त्याने खुशाल नवा तक्ता मांडावा. अट एवढीच की वजने पायवाल्यांनी घालावीत, आणि आधी घालावीत. कोर्टात जाणाऱ्याला माझा आशीर्वाद नाही.

वरील सर्व मी स्वतः लिहिले, मोठ्याने वाचून दाखवले आणि दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली. ज्यांना यातून काही मिळते त्यांना साक्षीदार केलेले नाही. मुलगा वाचनाला बसणार होता. पण मधेच फोन आला, पुलापलीकडच्या आजोबांच्या गुडघ्याचा बोल्ट निसटला आहे. तो माझ्याकडे बघत थांबला. मी त्याला जायला सांगितले.

(सही) मृत्युपत्र करणारी

साक्षीदार:
१. (सही) खालच्या मजल्यावरचे डॉक्टर
२. (सही) बस कंडक्टर, उजवा पाय आमच्याकडचा

स्थळ: कार्यशाळा, उत्तरेच्या खिडकीजवळ
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२६